कोण भरती आहे?

फुलचूरहून नागपूरला जायची कारणं पाच: दवाखाना, कोर्ट, परीक्षा, लग्नाचा बस्ता आणि मोर्चा. त्यातला मोर्चा तेवढा हंगामी. डिसेंबरात सरकार मुंबईहून नागपूरला येतं आणि धानाच्या बोनसची आठवण त्याला समोर जाऊन करून द्यावी लागते. सहावं कारण आमच्या गावात आजवर कोणाला सुचलेलं नव्हतं. ते मला सुचलं आणि तेव्हापासून गाव माझ्याकडं जरा जपूनच पाहतं.

मी टपरीवर चहा पिता पिता म्हणालो, "रविवारी आम्ही नागपूर पाहायला चाललो."

आधी फुलचूर कुठं ते सांगतो. गोंदिया शहर इथं संपलं, असं नगरपरिषदेला जिथं वाटतं तिथं आमचं गाव सुरू होतं. घराला घर लागून असल्यामुळं शहर कुठं संपलं आणि गाव कुठं लागलं, हे फक्त घरपट्टीच्या पावतीवर कळतं. पुण्या-मुंबईच्या माणसाला नाव सांगितलं की तो "मोतीचूर?" असं विचारतो. मी त्याला दुरुस्त करत नाही. मिठाईशी नातं निघालं तर कोणाला नको आहे?

तर टपरी एकदम गप्प झाली. मग बाकावरचे एक बुजुर्ग हळूच म्हणाले, "कोन भरती हाये?"

"कोणीच नाही."

"मंग कोर्टात तारीख हाये?"

"तारीख नाही."

"पोरीचं जमलं का काय जी?"

पोरगी आठवीत आहे. मी म्हटलं, "तसं काही नाही हो. नुसतं पाहायला. शहर पाहायला."

ते उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सांगायचं नसन तं नको सांगू, भाऊ. पन रिपोट काय आला तेवढं कळवजो."

घरी वेगळं काही झालं नाही. आमच्याकडं आत्या असते, वडिलांची थोरली बहीण. ती म्हणाली, "नागपूर काय पाहाले जातेत, बाप्पा? पळून चाललं का ते?" आत्या स्वतः अकरा वेळा नागपूरला जाऊन आलेली आहे. मेडिकलमध्ये कोणत्या जिन्यानं वर गेलं की लवकर वार्ड लागतो आणि मेयोत औषधाची खिडकी कोणत्या अंगाला आहे, हे ती डोळे मिटून सांगते. अकरा वेळांत नागपुरात पाहिलं काय, असं मी विचारलं. तिनं थोडा विचार केला.

"छत," ती म्हणाली. "वार्डाचं."

खरं तर हे सगळं माझ्या अज्ञानातून उद्भवलं. मुलीनं विचारलं, नागपूर कोणी वसवलं? मी पेपरातून डोकं न काढता म्हणालो, भोसल्यांनी. ती शाळेत तेच ठणकावून सांगून आली आणि तोंड पाडून परतली. नागपूर वसवलं देवगडच्या गोंड राजानं. बख्त बुलंद शाह त्याचं नाव आणि साल १७०२. राजापूर-बारसा म्हणून ओळखली जाणारी बारा खेडी होती, ती जोडून त्यानं शहर केलं. भोसले आले ते त्यानंतर, गोंडांच्या घरातलं भांडण मिटवायला. भांडण मिटवायला आलेला पाहुणा परत जात नाही, हा अनुभव आपल्याकडं जुना आहे. रघूजी भोसले राहिले ते राहिलेच.

चूक दुसऱ्या कोणी केली असती तर चाललं असतं. पण गोंदिया हे नाव झाडाच्या गोंदावरून पडलं की गोंडांवरून, यावर आमच्या टपरीवर दर पावसाळ्यात वाद होतो आणि त्यात मी गोंडांच्या बाजूनं हिरिरीनं बोलतो. अशा माणसानं गोंड राजा विसरावा, हे मुलीला सहन झालं नाही. बायकोनं शिक्षा सुनावली: एक दिवस, तिघांनाही, नागपूर नीट दाखवायचं. तिथला अजबबंगला, म्हणजे संग्रहालय, सोमवारी बंद असतो, म्हणून रविवार ठरला.

नोव्हेंबर होता. नवे धान घरात आले होते, त्यामुळं आत्यानं नागपूरच्या साडभाऊंसाठी पाच किलो तांदळाची थैली बांधली. रिकाम्या हातानं नागपूरला जाता येत नाही. दवाखान्याला जातानाही आम्ही तांदूळ नेतो. पेशंट घरी परत येईल की नाही सांगता येत नाही, पण थैली रिकामी परत येते हे नक्की.

सकाळची महाराष्ट्र एक्सप्रेस गोंदियाहूनच सुटते, त्यामुळं जागा मिळते. ही गाडी अख्खा महाराष्ट्र आडवा कापत दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला पोचते. आमच्या डब्यातलं मात्र कोणी नागपूरच्या पुढं जाणारं दिसेना. समोरच्या बाकावर एक्स-रेचं मोठं पाकीट, त्याच्या बाजूला फायलीची पिशवी, तिच्या बाजूला डबा. वरच्या फळीवर दोन उशा आणि एक प्लास्टिकची बादली. बादली ज्याच्यासोबत असते त्याचा मुक्काम लांबणार, हे आमच्या लाइनीवर लहान मूलही जाणतं. आमच्याजवळ बादली नव्हती, फाईल नव्हती, एक्स-रे नव्हता. शिदोरी तेवढी होती, आणि मुलीच्या गळ्यात दुर्बीण. आम्ही विनातिकीट असल्यासारखे लोक आमच्याकडं पाहत होते.

तिरोड्याच्या आधीच एक्स-रेवाल्या काकूंनी विषय काढला. "कोनाले दाखवाले चालले?"

बायको म्हणाली, "कोणालाच नाही, सगळे ठणठणीत आहोत."

"बाई, पहिले असंच वाटते," काकू म्हणाल्या.

मग त्यांनी गुडघ्याचं सांगितलं. पहिले कसं काहीच वाटत नव्हतं, मग जिना चढताना कशी कळ यायची, मग डॉक्टरनं कसं सांगितलं की दोन वर्षं आधी आल्या असत्या तर. तुमसर रोड येईपर्यंत आमच्याकडं तीन डॉक्टरांचे पत्ते, एका वैद्याचा नंबर आणि मेथीदाण्याचा एक उपाय जमा झाला. भंडारा रोडला बायकोचा उजवा गुडघा दुखायला लागला. (हे स्टेशन नावानं भंडाऱ्याचं आणि जागेनं वरठीचं, भंडारा तिथून चांगलं दहा किलोमीटर. उतरणाऱ्याचा गुडघाही तिथंच दुखत असणार.) कामठी आली तेव्हा बायको मला हळूच म्हणाली, "आता चाललोच आहोत तर दाखवून घ्यायचं का?"

नागपूरच्या फलाटावर साडभाऊ उभे होते. एका हातात थर्मास, दुसऱ्या हातात फोन, कपाळाला आठ्या. मी त्यांना फोनवर तीनदा सांगितलं होतं की आम्ही शहर पाहायला येतो आहोत. त्यांनी तीनही वेळा "बरं, बरं" म्हटलं होतं. डब्यातून एकेक जण उतरत गेला तसे ते प्रत्येकाच्या चालीकडं बारकाईनं पाहू लागले. मुलगी उडी मारून उतरली, ती सुटली. आत्या थैली घेऊन खणखणीत उतरली, तीही सुटली. बायको गुडघा धरून उतरली आणि साडभाऊंचा चेहरा उजळला.

"मेडिकलमध्ये ओळख लावून ठेवली आहे," ते म्हणाले. "बाहेर ऑटो उभा आहे."

त्यांना समजावायला दोन कप चहा लागले, तोही त्यांच्याच थर्मासातला. शेवटी एकदाचं पटलं तेव्हा ते अगदी गोंधळून गेले. म्हणाले, "पण मग दाखवू काय? मी तीस वर्षांपासून नागपुरात आहे, मलाच काही माहीत नाही." चौकशी केल्यावर कळलं की तीस वर्षांत त्यांचे सगळे सुट्टीचे दिवस गोंदिया, तिरोडा, आमगाव, गोरेगावच्या पाहुण्यांना दवाखान्यात डबा पोचवण्यात गेले आहेत. कोणत्या दवाखान्यासमोर गाडी लावायला जागा मिळते, हे त्यांना पाठ आहे. अजबबंगल्यात ते कधी गेले नव्हते. तिथं कोणी भरतीच झालं नव्हतं.

पहिलं दर्शन टेकडी गणपतीचं. स्टेशनला लागूनच आहे. नागपूरला उतरलेला आमच्याकडचा प्रत्येक माणूस आधी इथं डोकं टेकतो आणि मग ऑपरेशनला जातो. मी हात जोडले तेव्हा काय मागावं तेच सुचेना. सवयीनं तोंडून निघालं, "रिपोर्ट नॉर्मल येऊ दे."

ज्या टेकडीचा हा गणपती, ती सीताबर्डीची टेकडी. वर किल्ला आहे. १८१७ च्या नोव्हेंबरात, २६ आणि २७ तारखेला, इथंच अप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रज भिडले. खाली भोसल्यांचं सैन्य कितीतरी जास्त, टेकडीवर इंग्रज थोडे, तरी टेकडी इंग्रजांकडंच राहिली आणि राज्य म्हणावं तसं भोसल्यांकडं उरलं नाही. आम्हीही नोव्हेंबरातच आलो होतो, हा योग मी मुलीला ऑटोत समजावून सांगितला. तिनं दुर्बीण पुसून ठेवली. फाटकाशी पोचलो तर फाटक बंद. किल्ला लष्कराकडं आहे. जवानानं फार अदबीनं सांगितलं, किल्ला लोकांसाठी वर्षातून तीनच दिवस उघडतो: २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट.

"छब्बीस जनवरी को आइए, माताजी," तो आत्याला म्हणाला.

आत्या माझ्याकडं वळली. "म्हंजे हाही तारीखच देते."

अप्पासाहेबांना इंग्रजांना टेकडीवरून हटवता आलं नाही, आम्हाला फाटकाच्या आत पाय टाकता आला नाही. लढाईत आमची बाजू कोणती होती हे ध्यानात घेता निकाल सुसंगत होता. मुलीनं दुर्बिणीतून भिंत पाहिली. भिंत चांगली आहे.

तिथून जवळच झिरो माईल. वाळूच्या दगडाचा खांब, चार घोडे आणि एक दगड. इंग्रजांच्या मोजणी खात्यानं हा बिंदू ठरवला. आम्ही शाळेत घोकलं होतं की हा भारताचा मध्यबिंदू; मुलगी म्हणाली, तसं सगळे म्हणतात, पण मुळात हा मोजणीचा दगड. माझ्या घोकण्याला दुसऱ्यांदा तडा गेला. दगडावर गावांची अंतरं मैलांत कोरली आहेत. हैदराबाद ३१८, जबलपूर १७०, छिंदवाडा ८३. साडभाऊ, मी आणि बायको, तिघांनीही दगडाला प्रदक्षिणा घालून शोधलं. गोंदिया नाही. समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट अशी इंचाच्याही आतपर्यंत मोजणारी माणसं, आणि गोंदियाकडं मान वळवायला त्यांना वेळ मिळाला नाही! पत्र लिहायचं तर लिहायचं कोणाला, तेही दगडावर नव्हतं.

बायकोचा गुडघा दगडाच्या प्रदक्षिणेत बरा झाला, हे इथं नोंदवून ठेवतो.

भूक लागली होती म्हणून तर्री पोहे खाल्ले. पोह्यांवर तर्री ओततात की तर्रीत पोहे टाकतात, हे अजून नक्की झालेलं नाही. दुपारी एका हॉटेलात सांबारवडी मागवली. पुण्याहून आलेलं एक कुटुंब शेजारच्या टेबलावर बसलं होतं. त्यांनी वेटरला विचारलं, "हिच्यासोबत इडली नाही का येत?" वेटरनं इतक्या वर्षांत हा प्रश्न इतक्या वेळा ऐकला असावा की त्यानं न बोलता वडी फोडून आतली कोथिंबीर दाखवली. आमच्याकडं कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात, हे महाराष्ट्राला कळेपर्यंत विदर्भ वेगळा झालेला असेल.

वाटेत ऑटोवाल्यानं उच्च न्यायालयाची इमारत दाखवली. १९४० साली ती पुरी झाली आणि तिला दगडातली कविता म्हणतात. कविता खरीच आहे. घुमट, कमानी, लांबच लांब ओसऱ्या, सगळं कसं लयीत. दुर्दैवानं आमच्या काकांनी धुऱ्याच्या भांडणात एकोणीस वर्षं या कवितेकडं फेऱ्या घातल्या आणि त्यांना तिचं एकच कडवं पाठ झालं: पुढची तारीख. इमारतीला घुमट आहे हे त्यांनी कधी मान वर करून पाहिलं नाही. मी फोटो काढून नेला तर ते म्हणाले, "हे कोनतं मंदिर होय जी?"

मग अजबबंगला. सरकारी नाव मध्यवर्ती संग्रहालय, स्थापना १८६३. पण लोकांनी त्याला जे नाव दिलं त्यापुढं सरकारी नाव टिकलं नाही. आत शिरताच भुसा भरलेली जनावरं. साडभाऊ लहान मुलासारखे काचेला नाक लावून पाहत राहिले. आत्या दोन मिनिटं थांबली. मग खालच्या आवाजात मला म्हणाली, "नागझिऱ्यात जितं जनावर फुकट दिसते आनं पाहून जीव घेऊन पळा लागते. इथं भुस्याचं पाहाले तिकीट?"

पुढं आदिवासींच्या वस्तूंचं दालन लागलं. दागिने, वाद्यं, शिकारीची हत्यारं, रोजच्या वापरातली भांडी. हे पाहून आत्या जागीच बसली. एका वस्तूकडं बोट दाखवून म्हणाली, "हे आपल्या माळ्यावर हाये." दुसरीकडं बोट दाखवलं, "हे मी मागच्या वर्षी भंगारवाल्याले देलं." तिसऱ्या वस्तूशी आली आणि काही बोललीच नाही. नंतर ऑटोत बसल्यावर म्हणाली, तसंच तिच्या आजीच्या हातात होतं. आजीच्या मनगटावरून काढून काचेच्या पेटीत ठेवल्यासारखं वाटलं तिला. मी विनोद शोधत होतो, तो राहून गेला.

त्याच दालनात मुलीनं मला एक गोष्ट सांगितली, ती आमच्या भागातली म्हणून इथं लिहितो. गोंदियाला लागून बालाघाट जिल्हा. तिथल्या गुंगेरिया गावात १८७० साली जमिनीखाली तांब्याच्या हत्यारांचा मोठा साठा निघाला. चारशेच्या वर तांब्याची हत्यारं, सोबत चांदीचे पत्रे, सगळं इसवीसनाच्या कितीतरी आधीचं. त्यातल्या काही कुऱ्हाडी आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. म्हणजे आमच्याकडची माणसं नागपूरच्या पुढं जात नाहीत, कुऱ्हाडी मात्र विलायतेला गेल्या. साडभाऊंनी हे ऐकून काळजीनं विचारलं, "तिकडं त्यांचं कोणी पाहायला जातं का?" दवाखान्यात डबा पोचवणाऱ्या माणसाचं मन असं असतं.

मुलगी म्हणाली, पण उलटही झालं. रघूजी भोसल्यांची तलवार लंडनमध्ये लिलावाला निघाली होती. २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं ती घेतली आणि ऑगस्टमध्ये मुंबईत आणली. आत्यानं विचारलं, "मुंबईत? तिकडं काय भरती केली तिले?"

लिलावाचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. १८५३ साली तिसरे रघूजी वारले, औरस वारस नव्हता, डलहौसीनं पुढच्या वर्षी राज्य खालसा केलं. मग राजवाड्यातलं जडजवाहीर कलकत्त्याला गेलं आणि हत्ती, घोडे, बैल इथंच सीताबर्डीला मातीमोल भावानं लिलावात विकले गेले. बर्डीवर माल स्वस्त मिळतो, ही ख्याती माझ्या मते तेव्हापासूनची. आमच्या घरातल्या चार लग्नांचे बस्ते तिथं आणि गांधीबागेत फाटले. दर वेळी दुकानदार शपथेवर सांगतो की हा भाव फक्त गोंदियावाल्यांसाठी. हत्तीचा भाव करतानाही कोणीतरी तेच म्हटलं असेल.

दुपारनंतर महाल. हा जुन्या नागपूरचा गाभा. गांधी गेट म्हणजे पूर्वीचा जुम्मा दरवाजा, गोंड राजा चांद सुलतानाच्या काळातल्या तटबंदीचा. तट गेला, दरवाजा राहिला. आज त्यातून बाहेरचं शत्रुसैन्य शिरत नाही, पण दुचाक्या शिरतात, आणि दोन्हीकडून एकदम. ऑटोवाल्यानं दरवाजात गाडी थांबवून इतिहास सांगायला सुरुवात केली तेव्हा मागून जो हॉर्नचा गजर झाला, तो ऐकून अप्पासाहेबांच्या फौजेलाही नवा हुरूप आला असता. भोसल्यांचा वाडा, रुक्मिणीचं देऊळ, गल्लीगल्लीत जुन्या लाकडी खांबांचे वाडे. अर्ध्यांवर पिंपळ उगवलेले, उरलेल्यांवर फ्लॅट बुकिंगच्या पाट्या.

वाड्याशी मुलीनं भोसल्यांची वंशावळ म्हणायला घेतली. रघूजी पहिले, जानोजी, मुधोजी, पुन्हा रघूजी, परसोजी, मग अप्पासाहेब म्हणजे खरे पाहता दुसरे मुधोजी, आणि पुन्हा रघूजी.

आत्या म्हणाली, "घरात नावाचा एवढा दुष्काळ होता का, बाई?"

पण क्षणभरानं तीच म्हणाली की आपल्याकडं तरी काय, पोराला आज्याचं नाव द्यायचं आणि मग घरात कोणाला हाक मारली ते कळत नाही. राजवाडा आणि आमचं घर यांतलं हे एकच साम्य त्या दिवशी सापडलं. मला ते पुरलं.

इथं ऑटोवाला भाव खाऊन गेला. तो म्हणाला, खरं नागपूर पाहायचं तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी या. तान्ह्या पोळ्याला इतवारी-महालातून काळी आणि पिवळी मारबत निघते. काळी १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची. आणि सोबत बडगे, म्हणजे चालू वर्षी लोकांना ज्याचा ज्याचा राग आला त्या सगळ्यांचे पुतळे. महागाई, भ्रष्टाचार, रस्त्यावरचे खड्डे, सगळ्यांची मिरवणूक काढून शेवटी जाळतात. मारबत आमच्या खेड्यांतही असते, पण आम्ही ती गावच्या शिवेबाहेर नेऊन टाकतो. नागपूरची शीव कुठं आहे ते आता सापडत नाही, म्हणून ते जाळत असावेत. साडभाऊ पुढच्या वर्षी नक्की जाऊ म्हणाले. पोळ्याला गोंदियाचं कोणी भरती नसेल तर.

शेवटी दीक्षाभूमी. हे एकच ठिकाण असं, जिथं जायला फुलचूरच्या माणसाला कारण विचारत नाहीत. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी लाखोंसह इथं धम्म स्वीकारला, आणि तेव्हापासून दर वर्षी आमच्या लाइनीवरच्या गाड्या दसऱ्याला पाय ठेवायला जागा राहू नये इतक्या भरून येतात. त्या गाड्यांत एक्स-रेची पाकिटं नसतात. स्तूप २००१ मध्ये लोकांसाठी खुला झाला. आत गेलं की तो एवढा मोठा पोकळ घुमट आणि त्याखाली माणसं आपसूक हळू बोलतात. एक आजी नातवाला बोट धरून फिरवत होत्या. तिरोड्याच्या होत्या. त्यांनी आम्हाला काहीच विचारलं नाही, आणि दिवसभरात असं पहिल्यांदाच झालं.

परतीच्या गाडीत मुलगी म्हणाली, बाबा, आपल्या नागऱ्याला पण जुनं महादेवाचं देऊळ आहे ना, गोंदियाला लागून? आणि कामठ्याला? कामठ्याचे जमीनदार चिमणा पाटील १८१८ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठले होते. सीताबर्डीच्या पुढच्याच वर्षी. तू गेलास का कधी? मी सांगितलं की नागऱ्याला शिवरात्रीला जातो. आणि कामठ्याला? कामठ्याला एकदा गेलो होतो, कोणीतरी बाळंत झालं होतं.

रात्री उशिरा घरी पोचलो. सोमवारी सकाळी सात वाजता दारात टपरीवरचे बुजुर्ग उभे होते, हातात अर्धा डझन केळी. त्यांच्या मागं शेजारच्या काकू सफरचंदं घेऊन. त्यांच्या मागं गुरुजी, नारळ घेऊन.

"काय म्हनाले डॉक्टर?"

मी म्हणालो, "किल्ला बंद होता."

कोणालाच काही कळलं नाही, पण सगळ्यांनी समजूतदारपणे मान हलवली. बायको म्हणाली की सगळं छान आहे, काहीच निघालं नाही. काकूंनी तिचा हात हातात घेतला. "काहीच नाई निघालं म्हंजे दुसऱ्यांदा जा लागन." संध्याकाळपर्यंत घरात तीन डझन केळी जमली. आत्यानं शेवटी दारात येणाऱ्यांना माझ्याविषयी काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण मंगळवारपासून टपरीवर माझ्या चहात साखर कमी येते.

दुसऱ्यांदा मात्र जायचंच आहे. २६ जानेवारीला मुलीची शाळेत परेड असते, १५ ऑगस्टला पाऊस आणि रोवणी. उरला १ मे. महाराष्ट्र दिन आहेच, शिवाय १९९९ साली त्याच तारखेला आमचा गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा निघाला, म्हणजे घरचंच कार्य. त्या दिवशी किल्ल्याचं फाटक उघडं असतं. सकाळच्या महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये आम्ही असू, दुर्बिणीवाली मुलगी दिसली की ओळखा. येऊन बसा, शिदोरीतलं खा, गप्पा मारा. डॉक्टरचा पत्ता तेवढा देऊ नका.